पुढची कडी

वार्षिकांकात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काय लिहावे याबद्दल आपल्या कॉलेजात एक अलिखित संकेत आहे. एक तर 'वस्तू व सेवा कर : एक दृष्टिक्षेप' असा लेख द्यावा, नाहीतर 'परीक्षा आणि मी' असे काहीतरी विनोदी लिहावे. कविता हा प्रांत कला शाखेचा, आणि विज्ञानवाल्यांकडे कृष्णविवरे आहेतच. मी मात्र या खेपेस एका लोखंडी कडीवर लिहिणार आहे. मोटारगाडी बंद पडली किंवा रुतली की दोर अडकवून ती ओढण्यासाठी गाडीच्या पुढे जी कडी असते, ती. हिला आमच्याकडे सर्रास 'हुक' म्हणतात, कन्नडमध्ये 'कोक्के' म्हणतात. वाचकांनी गाडीवाल्यांचा लेख म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती. माझ्याजवळ गाडी नाही. सायकल आहे, आणि तिला कडी लागत नाही.

माझ्या काकांचे निपाणीत जुन्या पी. बी. रोडला गॅरेज आहे. काका मूळचे कागलकडचे. तिकडून इकडे येऊन त्यांना पस्तीस वर्षे झाली. कन्नड त्यांना पैसे मोजण्यापुरते आणि गिऱ्हाइकाला 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या, असे सांगण्यापुरतेच येते, असा आम्हा घरच्यांचा समज होता. माझे शालेय शिक्षण सगळे मराठी माध्यमातून झाले, पण आमच्या गल्लीत क्रिकेटमधली भांडणे कन्नडमध्ये होत असल्याने ती भाषा मला पुस्तकाआधी तोंडात बसली. त्यामुळे अकरावीपासून गॅरेजात माझ्याकडे दोन खाती आली : हिशेबाची वही लिहिणे, आणि काकांचा दुभाषा होणे. या दोन्ही खात्यांत मी कसा घोटाळा केला, तेच सांगावयाचे आहे.

आता गाडीविषयी. आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत. त्यांच्या घराण्याची तंबाखूची वखार होती. वखारीचा व्यापार मंदावला तरी आप्पांची हौस मंदावली नाही. त्यांनी गोव्याहून एक जुनी लाल 'सॅन स्टॉर्म' आणली. हे नाव पुष्कळांनी ऐकलेही नसेल. दोन माणसांची, उघड्या टपाची ही छोटी स्पोर्ट्स कार १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होऊ लागली. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे; बॉडी फायबरग्लासची. फार थोड्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्यामुळे आज एखादी दिसली की पोरे मागे धावतात. आप्पांच्या गाडीचा पुढचा भाग आधीच्या मालकाच्या काळात एकदा धडकून नव्याने बसवलेला होता, आणि तो बसवताना ओढण्याची कडी काही कोणी परत बसवली नव्हती. गाडी चालते तोवर ती नाही हे कोणाच्या लक्षात येणार?

लक्षात आले २०२४ च्या जुलैत. संध्याकाळची वेळ, पाऊस धो धो. आप्पांचा फोन आला की तवंदी घाटाजवळ गाडी डांबरावरून घसरून कडेच्या चरात गेली आहे. काका, गॅरेजचे जुने मिस्त्री आणि मी असे तिघे आमची जीप घेऊन निघालो. मी त्या दिवशी कॉलेजात वाणिज्य मंडळाच्या उद्घाटनाला गेलो होतो. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. त्यासाठी मुद्दाम शिवलेली क्रीम रंगाची पँट अंगावर होती. कपडे बदलायला सवड मिळाली नाही, असे मी तेव्हा मनाला सांगितले. खरे म्हणजे त्या पँटीत कोणीतरी आणखी पाहावे असे वाटत होते.

गाडीचे तोंड रस्त्याकडे आणि मागची चाके चरात, अशी अवस्था होती. मागे बांध असल्यामुळे पुढूनच ओढावी लागणार होती. मिस्त्री जीपवर बसले. नायलॉनच्या दोराचे एक टोक जीपला बांधले. दुसऱ्या टोकाला लोखंडी हुक होता, तो काकांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"पुढं कडी दिसत न्हाई. खाली बसून चासी बघ, आन् मगच अडकीव."

खाली गुडघाभर नव्हे, पण घोटाभर चिखल होता. मी वाकल्यासारखे केले. गाडीच्या नाकाखालच्या फटीत हात घातला, आत एक लोखंडी पट्टी बोटांना लागली. तिला हुक अडकवला. ती पट्टी कशाची आहे, कशावर बसली आहे, हे मी पाहिले नाही.

"नीट बसला का रं?"

"बसला, काका."

जीपने दोर ताणला. गाडी जागची हलली नाही. मिस्त्रींनी जीप थोडी मागे घेऊन हिसका दिला. आप्पा ओरडले, कट्कन आवाज झाला, आणि ती पट्टी हुकासकट दोराबरोबर उडाली. काका दोराच्या बाजूला उभे राहून हाताने इशारा करीत होते. पट्टी त्यांच्या उजव्या मनगटावर बसली. ते ओरडले नाहीत. मनगट पोटाशी धरून पावसात रस्त्यावर खाली बसले, एवढेच मला आठवते.

मनगटाची दोन हाडे मोडली होती. दीड महिना प्लास्टर राहिले, आणि प्लास्टर निघाल्यावरही पाना पकडण्याइतका जोर बोटांत यायला आणखी तितकेच दिवस गेले. ज्याची पोळी उजव्या हातावर त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला, हे दृश्य मी रोज पाहत होतो, आणि रोज वही लिहीत होतो. इंजिन उतरवण्याची कामे दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागली. आमच्याकडे पंक्चर, ऑइल बदलणे आणि चहा एवढेच उरले. ऑगस्टची जमा जूनच्या निम्मीही नव्हती. धाकट्या चुलतभावाची फी काकूने भिशीच्या पैशांतून भरली. तीही नोंद माझ्याच अक्षरात आहे.

अपघाताचे खापर ज्याने त्याने आपापल्या परीने फोडले. आप्पा म्हणत, माझ्या हौसेने तुमचा हात मोडला. मिस्त्री म्हणत, मी हिसका द्यायला नको होता. सगळ्यांचे मिळून एकमत असे की पट्टी गंजकी निघाली. आजीने तर त्या दिवशी कोणती तिथी होती तेही पंचांगात पाहून ठेवले. माझे नाव कोणीच घेतले नाही. मीही घेतले नाही.

आमचे हिशेबशास्त्राचे सर वर्गात एक गोष्ट फार ठासून सांगतात. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे समजू नका. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना नोंदवायचाच राहिला, तर जमा आणि नावे दोन्ही सारख्याच रकमेने कमी पडतात आणि तेरीज बिनबोभाट जुळते. हा नियम मी दोन परीक्षांत पाच-पाच गुणांसाठी लिहिला होता. त्या पावसाळ्यात मला तो पहिल्यांदा समजला. घरात सगळे सगळ्यांशी नीट बोलत होते, काका माझ्याशी नेहमीसारखे वागत होते, सगळे जुळत होते. कारण नोंदच नव्हती.

सप्टेंबरात प्लास्टर निघाल्यावर काकांनी पहिली गोष्ट केली ती ही की आप्पांची गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली. आप्पा म्हणाले, रेडिएटर नीट बसवून द्या, बस्स. काका म्हणाले, "आप्पा, पुढं कडी बसवल्याबिगर ही गाडी माझ्या दारातनं जायची न्हाई." काकांचा हात अजून आखडलेला, म्हणून खड्ड्यात मी उतरलो. अडीच महिने उशिराने का होईना, गाडी खालून पाहिली.

जे पाहिले ते लिहितो, कारण कडी बसवणे म्हणजे काय ते त्यातच आहे. मी ज्या पट्टीला हुक अडकवला होता ती रेडिएटर जागेवर धरून ठेवणारी पातळ पट्टी होती. तिचे काम रेडिएटर हलू न देणे, गाडी ओढणे नव्हे. पुढचा बंपर तर फायबरचा. त्याला दोर बांधणे म्हणजे धोतराच्या सोग्याला धरून माणसाला विहिरीतून वर काढणे. ओढण्याचा सगळा भार ज्याने झेलायचा ते पोलाद आत असते : ज्याला पुढची चाके, सस्पेन्शन धरून आहे, तो सांगाडा. काकांनी वरून सांगितले तसे मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडला, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. चांगले पोलाद खणखणते, गंजलेले बद्द वाजते. उजव्या बाजूला खणखणीत जागा सापडली. तिथून दोर सरळ पुढे काढला तर तो रेडिएटरला किंवा दिव्याला घासणार नाही, हे सुतळी धरून पाहिले. मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या जागेचे माप घेतले.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता, म्हणून हिशेब करून पाहिला. समजा, गाडी आठशे किलोची आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ती न्यूट्रलमध्ये असली तर एक माणूस ढकलतो. म्हणजे जोर फार लागत नाही. दहास एक असा चढ असला की वजनाचा दहावा हिस्सा, ऐंशी किलोचा जोर वाढतो. तीच गाडी चिखलात रुतली की हा आकडा गाडीच्या निम्म्या वजनावर आणि त्याच्याही पुढे जातो. आणि यावर हिसका दिला की त्या क्षणापुरते सगळ्या आकड्यांचे गुणाकार होतात. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि लांबताना जोर साठवून ठेवतो. ज्या टोकाची पकड आधी सुटेल ते टोक तो सगळा साठा घेऊन सुटते. म्हणून जाणते लोक दोराच्या मध्यावर ओले पोते टाकतात, आणि दोराच्या जवळ कोणाला उभे राहू देत नाहीत. हे काकांना ठाऊक होते. त्या दिवशी ते विसरले. पण मी नीट पाहिले असते तर त्यांचे विसरणे खपून गेले असते.

पुठ्ठा घेऊन आम्ही बेळगावला उद्यमबागेत गेलो. उद्यमबाग म्हणजे ओतकामाचे कारखाने, लेथ, वेल्डिंगची शेडे. रस्त्यावर उभे राहिले तरी जिभेवर लोखंडाची चव येते. काकांच्या माहितीचे एक वयस्क वेल्डर तिथे आहेत. ते कन्नडच बोलतात. मराठी समजते, पण कामाच्या वेळी बोलत नाहीत. काकांनी पिशवीतून पुठ्ठ्याबरोबर ती तुटलेली पट्टीही काढली. त्यांनी ती जपून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हते. वेल्डरने ती उलटसुलट करून पाहिली, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून विचारले,

"तम्मा, इदक्क यारु कट्टिदरु?"

म्हणजे, याला कोणी बांधले? काकांनी माझ्याकडे पाहिले. दुभाषा मीच.

"विचारतायत, कधी तुटली," मी म्हणालो.

"जुलैत म्हणावं," काका म्हणाले. मी वेल्डरना कन्नडमध्ये सांगितले, काळोख होता, पाऊस होता, घाईत कोणीतरी बांधले. दोन भाषा येण्याचा माणसाला अभिमान वाटतो. आपल्या या सीमाभागात तर विशेषच. त्या शेडमध्ये मला समजले की दोन भाषा येणाऱ्याला खोटेही दोनदा बोलता येते.

वेल्डर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पट्टी बाजूला ठेवून एवढेच म्हणाले, "मोदल नोडु, आम्याल कट्टु." आधी बघ, मग बांध.

मग त्यांनी जे काम केले ते मी डोळ्यांत साठवून ठेवले आहे. काकांनी विचारले, ओतीव कडी तयार मिळेल का? वेल्डरनी मान हलवली. बेळगावात राहून ओतकामाला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्यांचे म्हणणे असे की बीड कठीण खरे, पण हिसका बसला की न सांगता तुटते. साधे पोलाद आधी वाकते, आपल्याला कळवते आणि मग तुटते. ओढण्याच्या कामाला वाकणारी वस्तू पाहिजे. त्यांनी पुठ्ठ्याच्या मापाने सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा गॅसने कापला, सोळा मिलिमीटरची सळई तापवून तिची कडी वळवली आणि ती पत्र्याला दोन्ही अंगांनी वेल्ड केली. घाई केली नाही, माझी हातघाई दिसली की म्हणत, "निधान, निधान."

ही कडी सरळ गाडीलाच वेल्ड करून टाका की, असे मी सुचवले. त्यावरही त्यांनी समजावून सांगितले. फायबरच्या बॉडीजवळ ठिणगी नको, हे एक. वेल्डच्या उष्णतेने आतला रंग जळतो आणि तिथूनच गंज सुरू होतो, हे दुसरे. आणि बोल्टने बसवलेली वस्तू काढून पाहता येते, बदलता येते, हे तिसरे. पण बोल्ट आवळताना पोकळ सांगाडा दबून चपटा होतो. म्हणून आत प्रत्येक बोल्टभोवती नळीचा एक तुकडा घालायचा, म्हणजे आवळण्याचा जोर त्या तुकड्यावर जातो. मागच्या बाजूला आणखी एक पत्रा, म्हणजे भार एका छिद्रापाशी न साचता पसरतो. बोल्ट चार, बारा मिलिमीटरचे, आणि डोक्यावर ८.८ असा आकडा असलेलेच घ्यायचे. हा आकडा म्हणजे दुकानदाराची खूण असे मी समजत होतो. पहिला आठ सांगतो की हा बोल्ट एका चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ऐंशी किलोचा ताण सोसल्यावर तुटेल; टिंबानंतरचा आठ सांगतो की त्याच्या आठ दशांशापर्यंत तो ताण सुटल्यावर पुन्हा मूळ लांबीला येईल. एवढ्याशा डोक्यावर बोल्ट आपली सगळी पत कोरून बसलेला असतो. ताळेबंदही इतका प्रामाणिक नसतो.

कडी किती बाहेर यावी यावर काका आणि आप्पा यांचा वाद झाला. आप्पांना ती मिरवायची होती. काका म्हणाले, रस्त्यात पोर आडवं आलं तर पहिली त्याच्या नडगीला लागंल. हे बरोबरच आहे. गाड्यांच्या पुढे लोक जे लोखंडी गार्ड बसवीत, त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले, त्याचे एक कारण पादचाऱ्यांना होणारी इजा हेच होते. तेव्हा कडी नाकाच्या रेषेच्या आतच राहील अशी ठेवली. आप्पांनी मग तिला क्रोम करून मागितले. काका म्हणाले, चकाकणारी नको, दिसणारी पाहिजे. मोटारशर्यतीच्या गाड्यांना पुढे-मागे ओढण्याची कडी सक्तीची असते, आणि एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे ती पिवळ्या, लाल किंवा नारिंगी रंगाची असावी लागते. कारण गाडी अडकली की धावत येणारा माणूस परका असतो, आणि त्याला शोधायला वेळ नसतो. गाडी लाल, म्हणून कडी पिवळी ठरली.

रंगवायला पेंटर आला, तो चांगला नंबरप्लेट लिहिणारा होता. त्याने विचारले, कडीच्या वर 'ओढा' असे लिहू का? आणि लगेच पुढे विचारले, मराठीत लिहू की कन्नडमध्ये? दोन्हींत लिहायचे तर वर कोणते? गॅरेजात एकदम शांतता झाली. या प्रश्नाचे वजन आपल्याकडे काय असते ते निपाणी-बेळगावच्या वाचकाला सांगावयास नको. आप्पांनी मिस्त्रींकडे पाहिले, मिस्त्रींनी माझ्याकडे. काकांनी डाव्या हाताने चहाचा कप खाली ठेवला.

"बाण काढ," ते म्हणाले.

तेव्हा आप्पांच्या गाडीवर पिवळा बाण आहे. तो दोन्ही भाषांत वाचता येतो.

कडी बसवण्याचा दिवस खंडेनवमीच्या आदला. गॅरेजात त्या दिवशी सगळी हत्यारे घासूनपुसून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाने, जॅक, हातोड्या यांची झेंडूची फुले वाहून पूजा होते. शेजारचे कन्नड दुकानदार तिलाच आयुधपूजा म्हणतात आणि प्रसाद दोन्हीकडचा सारखाच गोड असतो. मिस्त्री जीप धूत होते. मी खड्ड्यात, पाठीला भिंत लावून, वर तोंड करून. काका वर पाटावर बसून मला एकेक पाना देत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा त्यांना. नुसता त्यांचा डावा हात खाली येई आणि वर जाई.

तीन बोल्ट झाले. चौथा हाताने फिरवून आट्यांवर घेतला. मी म्हणालो,

"काका, तवंदीला मी खाली बसलोच नव्हतो. चासी बघितली नव्हती."

वरचा हात थांबला नाही. पाना खाली आला.

"तुझ्या पँटीचे गुडघे कोरडे हुते की रं," काका म्हणाले. "दवाखान्यात बाकड्यावर शेजारी बसलावतास. समद्यांचे पाय चिखलानं भरल्यालं. तुझे गुडघे तेवढे कोरडे."

मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"बोलून मनगट जुळणार हुतं व्हय? आन् आधी 'बसला का' म्हणून तुला इचारणारा मीच. मीबी वाकून बघितलं न्हवतं." मग जरा थांबून, "वही तू लिवतोस. कवातरी नोंद घालशील म्हटलं. उद्यमबागेत वाटलं, आता घालशील. तर तू मराठी दुसरंच केलंस."

"तुम्हाला समजलं होतं?"

"कट्टु म्हंजे काय, हे समजल्याबिगर पस्तीस वर्सं ह्या रोडवर गॅरेज चाललं व्हय?"

कन्नडमधल्या 'कट्टु' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : दोर बांधणे आणि घर बांधणे. मराठीतही दोन्हींना 'बांधणे' हाच शब्द. दोन्ही भाषा एकाच गल्लीत बोलत मी मोठा झालो, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. त्या खड्ड्यात ती आली. नुसती गाठ मारणे आणि भार झेलेल असे काही उभे करणे यांना आपल्या दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी एकच शब्द ठेवला, तो उगीच नसावा. कशाला धरून बांधतो आहोत हे आधी पाहिले नाही, तर दोन्ही सारखेच कोसळते.

"चौथा आवळ आता," काका म्हणाले. "आन् परत पहिल्यापास्नं चारी तपास."

मी चारही तपासले.

नंतर मोकळ्या जागेत कडीची परीक्षा झाली. आप्पांच्या गाडीचा हॅण्डब्रेक अर्धा ओढला, जीपला दोर बांधला, मध्यावर ओले पोते टाकले, सगळ्यांना दहा पावले लांब उभे केले. हिसका न देता मिस्त्रींनी जीप सावकाश पुढे घेतली. दोर ताठ झाला, पोते थरथरले, आणि लाल गाडी मागून मुकाट्याने चालू लागली. कडी केसभरही वाकली नाही. काकांनी आपला आखडलेला उजवा हात वर करून इशारा दिला.

हिशेबाच्या वहीत मी त्या दिवशीच्या नोंदी केल्या : पत्रा, सळई, बोल्ट, वेल्डिंग, रंग. मजुरीच्या रकान्यात काकांनी काही लिहू दिले नाही. मग पाने मागे उलटून जुलै महिन्याचे पान काढले. तिथे तारखेपुढे मिस्त्रींची, डिझेलची आणि दवाखान्याची नोंद होती. खाली जागा शिल्लक होती. मी एक ओळ लिहिली. काय लिहिले ते इथे देत नाही, कारण वही काकांची आहे. पण ती दोन्ही बाजूंना लिहिली.

काकांचे मनगट आता बरे आहे, थंडीत ठणकते. आप्पांची गाडी त्यानंतर दोनदा चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आली आणि दोन्ही वेळा आपल्या चाकांनी परतली. कडीला अजून काम पडलेले नाही. आप्पांना याचे थोडे वाईट वाटते.

गॅरेजात मी अजून वही लिहितो, पण गाडी ओढायला जायचे असले की दोराचे टोक माझ्याच हातात असते. आई हल्ली कुरकुर करते की कॉमर्सला जाणाऱ्या मुलाच्या पँटीचे गुडघे एवढे मळतात कशाने.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)